इंग्रजीतला ‘रन’ पळतो कमी, वाहतो जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात, आता पुण्यात आयटीत. परवा कॉलवर अमेरिकेतला मॅनेजर म्हणाला, वी आर रनिंग आऊट ऑफ रनवे, लेट मी रन इट बाय फायनान्स. शब्द सगळे ऐकू आले पण अर्थ काही लागला नाही. या रनचे अर्थ आहेत तरी किती आणि पाठ कसे करायचे?’

आधी त्या वाक्याचंच उरकतो. रनवे म्हणजे विमानाची धावपट्टी, पण स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात रनवे म्हणजे बँकेत आहे तेवढ्या पैशात कंपनी अजून किती महिने तग धरेल ते. रन आऊट ऑफ म्हणजे संपत येणे. रन इट बाय म्हणजे कानावर घालणे. तर साहेब म्हणत होते की पैसे संपत आलेत, फायनान्सवाल्यांच्या कानावर घालतो. यातला पहिला भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा होता, कळला असता तर त्याच दिवशी बायोडेटा अपडेट केला असता.

आता पाठ करण्याबद्दल. मी वीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करतोय, पंपाच्या मॅन्युअलपासून कोर्टाच्या कागदांपर्यंत सगळं, आणि मला सगळ्यात जास्त ज्यानं रडवलं तो हाच तीन अक्षरी शब्द. पाठबिठ करायच्या भानगडीत पडू नका, होणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ साली २० खंडांची दुसरी आवृत्ती आली तेव्हा सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती, ४३० अर्थ. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी ‘रन’ हातात घेतला, नऊएक महिने त्याच्याशी झुंजले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. नाम वेगळं. एका शब्दाला नऊ महिने म्हणजे बाळंतपणच झालं की.

पण ६४५ ऐकून घाबरू नका, कारण मुळात गोष्ट एकच आहे आणि ती आपल्याला शाळेत उलटी शिकवतात. रन म्हणजे पळणे हे पहिलीत चित्रासकट डोक्यात बसतं, मुलगा पळतोय, कुत्रा पळतोय, आणि मग नाक रन होतं, बँकेवर रन होतो, मोज्यात रन असतो, तिथं तो पळणारा मुलगा काही कामाला येत नाही. या शब्दाच्या जुन्या जर्मॅनिक मुळात पळण्याइतकंच वाहणंही आहे. जर्मनमध्ये आजही रिनेन म्हणजे वाहणे, पाझरणे आणि रेनेन म्हणजे पळणे, दोन सख्खे भाऊ. इंग्रजीत दोघांचं मिळून एकच क्रियापद झालं. अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्याला सरळ रन म्हणतात. बुल रन म्हटलं की आपल्याला दलाल स्ट्रीटची तेजी आठवते पण व्हर्जिनियात बुल रन नावाचा ओढा आहे, अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६१ आणि १८६२ च्या दोन लढाया त्याच्या काठावर झाल्या. चीज करायला दुधात घालतात ते रेनेट, तो शब्दही याच घरातला, कारण दूध ‘रन’ होणं म्हणजे गोळा होणं असाही एक जुना अर्थ होता.

म्हणून मी शिकाऊ पोरांना सांगतो की रन दिसला की पाय डोळ्यासमोर आणू नका, पाट आणा. शेतात पाट सोडलाय, पाणी चाललंय, कुठं वळतंय, कुठं तुंबतंय, कुठं संपतंय. नाक, रंग, नळ, अश्रू हे तर उघडच वाहणारे. पण इंग्रजीच्या लेखी यंत्र चालू असणं, दुकान चालणं, मुदत सुरू असणं, तारेनं भिंतीवरून जाणं, स्वभाव बापाकडून मुलाकडं येणं हे सगळं वाहणंच आहे.

मराठीत या कामाला आपण ‘चालणे’ लावलंय आणि मला याची नेहमी गंमत वाटते. इंग्रजाचं घड्याळ पळतं, आपलं चालतं. त्याचा धंदा पळतो, आपला चालतो. नाटक तिकडं तीन वर्षं पळालं, इकडं तीन वर्षं चाललं. थोडक्यात इंग्रजी जिथं पळते तिथं मराठी निवांत चालते, वेग वेगळा पण वाट तीच. एखाद्या गोऱ्याला मराठी शिकवताना चालणे म्हणजे ‘वॉक’ असं सांगून बघा आणि मग त्याला ‘आज डोकं चालत नाही’, ‘ही नोट चालणार नाही’, ‘तुझं काय चाललंय’, ‘उद्या आलास तरी चालेल’ आणि वर कोल्हापूरचं ‘चालतंय की’ समजावून सांगा. तो तुमच्यासारखाच प्रश्न विचारेल. ‘लागणे’ तर विचारूच नका, भूक लागते, निकाल लागतो, डुलकी लागते, रस्त्यात गाव लागतं, बस लागते आणि तो माझा मामा लागतो. आपण हे कधी पाठ केलं नाही कारण आपल्याला ते घरात मिळालं. तुम्हाला रन घरात मिळाला नाही, इतकाच फरक.

तर पहिला नियम, रनच्या जागी आधी ‘चालणे’ घालून बघा. निम्मं काम होतं. नाही बसलं तर वाहणे, मग जाणे, आणि पळणे सगळ्यात शेवटी. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता नदीकाठानं जातो. ‘इट रन्स इन द फॅमिली’, घराण्यातच आहे ते.

दुसरी गोष्ट जी फार कोणी सांगत नाही. मराठीत चालणे वेगळं आणि चालवणे वेगळं, पळणे वेगळं आणि पळवणे वेगळं, आपण एक ‘व’ घालतो आणि कर्ता बदलतो. इंग्रजीत तसं काही नाही, ‘द पंप रन्स’ आणि ‘आय रन द पंप’, शब्द तोच. त्यामुळे रननंतर लगेच एखादी वस्तू आली असेल तर ‘चालवणे’च्या घरातला अर्थ बघायचा. शी रन्स अ स्कूल, ती शाळा चालवते. रन अ टेस्ट, चाचणी घेणे. रन अ बाथ म्हणजे टबात पाणी सोडणे, आंघोळीला पळणे नाही. रन अ स्टोरी म्हणजे पेपरनं बातमी छापणे. रन अ फीव्हर म्हणजे अंगात ताप असणे. रन अ रेड लाइट म्हणजे सिग्नल तोडणे, इथं बघा, ते सिग्नलमधून वाहत जातात आणि आपण तोडतो.

पंपावरून आठवलं. माझं दुसरं की तिसरंच काम, एका पंप कंपनीचं मॅन्युअल. त्यात एक इशारा होता, ‘डू नॉट रन द पंप ड्राय’. रात्री दीड वाजता, चाळीसाव्या पानावर, मी लिहिलं ‘पंप कोरडा पळवू नका’. छापूनही गेलं. नंतर कंपनीच्या सर्व्हिसच्या माणसाचा फोन, एक शेतकरी विचारतोय की पंप कोरडा म्हणजे काय, बाहेरून पुसून घ्यायचा का, आणि आम्ही कुठं पळवतोय, तो विहिरीवरच आहे. मी हसलो पण पोटात गोळा आला, कारण विहिरीला पाणी नसताना मोटर चालू राहिली तर आतलं सील तापून जातं आणि खर्च त्या माणसाच्या डोक्यावर. बरोबर वाक्य साधं होतं, ‘पाणी नसताना पंप चालवू नका’. तेव्हापासून मी रनच्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारतो, इथं नक्की काय वाहतंय किंवा काय वाहायचं थांबलंय? त्या वाक्यात पाणी वाहायचं थांबलं होतं आणि मी पंपाच्या मागं पळत होतो.

आता तुमचा खरा त्रास, शेपट्या. आऊट, इंटू, अप, डाऊन, ओव्हर, थ्रू, बाय, ऑफ. इथंही पाट डोळ्यासमोर ठेवा.

रन आऊट, पाणी वाहून संपलं. मिठापासून संयमापर्यंत काहीही रन आऊट होतं. यातली गोम अशी की मराठीत संपणारी वस्तू कर्ता होते, साखर संपली. इंग्रजीत माणूस कर्ता होतो, वी रॅन आऊट ऑफ शुगर. म्हणून आपली मुलं ‘शुगर इज रन आऊट’ लिहितात. ‘शुगर हॅज रन आऊट’ चालतं, ‘इज’ नाही. क्रिकेटमधला रन आऊट मात्र वेगळ्या कुळातला, तिथं धाव काढताना बाद, आपल्या पेपरांनी त्याला धावचीत, धावबाद असे झकास शब्द केले. भारताचे गोलंदाज विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला, चेंडू टाकायच्या आधीच तो क्रीज सोडून पुढं गेला म्हणून, गोलंदाजाच्या टोकाला असंच बाद केलं आणि पुढं कितीतरी वर्षं त्या प्रकाराला त्यांच्या नावानं जवळजवळ शिवीसारखं वापरलं गेलं. शेवटी २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं तो नियम अयोग्य खेळाच्या कलमातून काढून साध्या रन आऊटच्या कलमात नेला, म्हणजे त्यांच्या लेखीही तो नुसता रन आऊटच. असो, विषयांतर झालं.

रन इंटू म्हणजे वाहत जाऊन कशाला तरी भिडणे. गाडी खांबाला भिडली, रन इंटू. बाजारात अचानक जुना मित्र भेटला, रन इंटू. खर्च कोटींच्या घरात गेला, तोही रन इंटू. आणि ‘कोटींच्या घरात जाणे’ आपल्याकडं तयारच आहे, तिथं ‘कोटींमध्ये धावतो’ असलं काहीतरी लिहिणाऱ्याला मी चहा पाजत नाही.

रन अप, पाणी चढतं तसं बिल चढतं, उधारी चढते. बॉलरचा रनअप वेगळा सांगायला नको. निवडणुकीच्या तोंडावर, सणाच्या तोंडावर, हा ‘तोंडावर’ म्हणजे इन द रनअप टू. रन डाऊन म्हणजे बॅटरी उतरणे, माणूस खंगणे, आणि तिसरं, कुणाबद्दल वाईट बोलत राहणे. रनडाऊन बिल्डिंग म्हणजे मोडकळीला आलेली. रन ओव्हर म्हणजे भांडं भरून बाहेर सांडणे, मीटिंग ठरलेल्या वेळेच्या पुढं जाणे, आणि गाडीखाली घेणे. तिन्हीत काठ ओलांडला जातो. सावध राहा, ‘आय रॅन ओव्हर’ म्हणजे माझं भाषण लांबलं आणि ‘आय रॅन हिम ओव्हर’ म्हणजे पोलीस येणार.

रन थ्रू म्हणजे वरवर एकदा सगळं बघून घेणे, नाटकवाल्यांची न थांबता केलेली तालीमही तीच. ‘ड्राय रन’ तर आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, २ जानेवारी २०२१ ला कोविड लशीचा झाला होता, पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारला. काही पेपरांनी तेव्हा ‘रंगीत तालीम’ असं मस्त लिहिलं. माझ्या पंपाचा ड्राय रन आणि लशीचा ड्राय रन यांचे अर्थ वेगळे हे लक्षात ठेवा. पहिल्यात मोटर जळते, दुसऱ्यात कुणाला सुई टोचत नाहीत.

रन बाय, कानावर घालणे, सांगून झालं. रन ऑफ म्हणजे पळून जाणे, किंवा झेरॉक्सच्या भराभर प्रती काढणे, आणि जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी. त्याला आपल्या कृषीच्या पुस्तकांत ‘अपधाव’ म्हणतात. शब्द जरा सरकारी आहे पण माझा लाडका, कारण त्यात पळणं आणि वाहणं दोन्ही एकत्र बसलंय.

धाव म्हटल्यावर हेही सांगतो की आपली ‘धाव’ अगदीच मागं नाही. धावती भेट, धावता आढावा, धावतं समालोचन, कोर्टात धाव घेणे, अडचणीत धावून येणे, आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत. लोकल ‘उशिरानं धावत आहेत’ असं प्लॅटफॉर्मवर ऐकतो तेव्हा त्यात रनिंग लेट आहे, आणि उभ्या असलेल्या गाडीत बसून ‘धावत आहेत’ ऐकणं म्हणजे वेगळीच करमणूक. माणसाच्या बाबतीत मात्र ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे नुसतं ‘मला उशीर होतोय’. तो माणूस पळत नसतो. बहुतेक अजून घरीच असतो.

कोर्टाच्या कामात हा शब्द सगळ्यात महागात पडतो. शिक्षा ‘रन कंकरंटली’ की ‘कन्सेक्युटिव्हली’, म्हणजे पाच पाच वर्षांच्या दोन शिक्षा बरोबरीनं भोगायच्या, तर पाच वर्षं, की एकामागून एक, तर दहा. दोन पाट शेजारून वाहतात की एक संपला की दुसरा सुटतो, एवढंच. नोटिशीची मुदत अमुक तारखेपासून ‘रन’ होते म्हणजे त्या तारखेपासून मोजायची. एका करारात माझ्या सहकाऱ्यानं ‘मुदत पळू लागेल’ लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं, ‘कुठे?’

बँकेवर रन म्हणजे बँक बुडणार या भीतीनं सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला जातात ते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या विनंत्या आल्या, आणि गंमत म्हणजे पळालं फारसं कोणी नाही, लोक घरी बसून मोबाइलवर बटणं दाबत होते. पैसा वाहिला. मराठीत मी ‘बँकेवर झुंबड’ लिहायचो, आता रांगाच नसतात तर झुंबड तरी कशी लिहायची, म्हणून हल्ली ‘ठेवी काढून घ्यायची घाई’ असं काहीतरी लिहितो. अजून समाधान नाही झालं.

निवडणुकीचं बघा. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ होतो, इंग्लंडमध्ये ‘स्टँड’ होतो, म्हणजे एक पळतो आणि एक उभा राहतो. आपला उमेदवार उभाही राहतो आणि लढवतोही. बायकांच्या मोज्याला धागा निघून उभी रेघ गेली तर अमेरिकेत तो रन, इंग्लंडमध्ये शिडी. ज्याच्याशी बोलताय तो कुठला हे बघून शब्द वापरा.

आणि काही रन तर तुम्ही रोज मराठीतच बोलता, लक्षात येत नाही. सुताराला, ग्रॅनाइटवाल्याला विचारा, भाव ‘रनिंग फुटाचा’ सांगतो, म्हणजे रुंदी न धरता नुसत्या लांबीचा. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारं. जुनी गाडी घेताना आपण विचारतो ‘रनिंग किती झालंय?’ आणि चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत कुणाला ‘आरओएम’ म्हणजे काय विचारा, रन ऑफ माइन, खाणीतून निघाला तसा, न निवडलेला कोळसा. आता ‘रन ऑफ द मिल’ आपोआप कळेल. गिरणीतून निघाला तसा, प्रतवारी न केलेला माल, म्हणून साधारण, नेहमीचा, त्यात काही विशेष नाही असा. पाठ करायची गरज पडली का?

काही वाक्प्रचारांत मात्र हे पाटाचं गणित लावत बसू नका, सरळ लक्षात ठेवा. ‘रन अमोक’मधला अमोक हा मलाय शब्द, बेभान होऊन हल्ला करत सुटणारा. ‘रन द गाँटलेट’मध्ये गाँटलेट म्हणजे हातमोजा, त्याचा काही संबंध नाही, मूळ स्वीडिश शब्द, दोन रांगांच्या गल्लीतून मार खात पळायची लष्करातली शिक्षा. इथं खरंच पाय लावून पळायचंय. ‘कट अँड रन’ हे खलाशांचं, नांगर उचलायला वेळ नाही, दोर तोडा आणि वाऱ्यावर निघा. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब, ते डॉक्टरसमोर बोलायचा प्रसंग येऊ नये. ‘हॅव द रन ऑफ द हाऊस’ला आपल्याकडं तोडीस तोड आहे, मोकळं रान मिळणे.

एक छोटी सूचना, कारण मी तपासतो त्या मेलमध्ये ही चूक आठवड्यातून दोनदा तरी सापडते. रूपं रन, रॅन, रन अशी आहेत, तिसरं परत रन. ‘वी हॅव रॅन द टेस्ट’ नाही, ‘वी हॅव रन द टेस्ट’. आणि मॅनेजरला उत्तर देताना ‘आय विल रन इट बाय यू’ म्हणायचं, ‘रन इट टू यू’ म्हटलंत तर तो दाराकडं बघत बसेल, काहीतरी घेऊन पळत येताय म्हणून.